फुकटचं लेक्चर फुकट जाऊ नये म्हणून

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी अकरावी सायन्सला. बारावीनंतर इंग्लंडला जायचं म्हणते, पण समुद्री जीवशास्त्र घ्यावं की मानसशास्त्र, यावर आठवड्यागणिक मत बदलतं. एका कन्सल्टंटने सांगितलं, की तिथली विद्यापीठं शाळकरी मुलांसाठी ऑनलाइन ‘टेस्टर लेक्चर’ घेतात, फुकट असतात, मिळतील तेवढी लावून घ्या, सर्टिफिकेटं जमतील, प्रवेशाला उपयोगी पडतील. ताई विचारतात: खरंच फुकट असतं का, की पुढे काही गोम आहे? किती करावीत? आणि मी तिच्या शेजारी बसू की नको?

ताई, फुकट असतं. गोमही आहे, पण ती पैशांची नाही. फोंडा तालुक्यात हायर सेकंडरीला मी वीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि गेली काही वर्षं बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलांना अर्जाच्या कामात मदत करतो. एवढ्या काळात फुकटच्या लेक्चरने फसलेलं मूल मी पाहिलं नाही. फुकटची पंधरा लेक्चरं ऐकून काहीच न कळलेली मुलं मात्र खूप पाहिली. त्यामुळे तुमच्या कन्सल्टंटचं पहिलं वाक्य घ्या आणि दुसरं सोडून द्या.

आधी हे सगळं कशासाठी, ते बघू. आपल्याकडे सायन्स घेतलं की पुढे काय, ते बारावीच्या निकालानंतर जूनमध्ये ठरवलं तरी चालतं, निदान तसा आपला समज असतो. अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पक्का करायचा नसतो. इंग्लंडचं तसं नाही. तिथली पदवी ३ वर्षांची (स्कॉटलंडमध्ये ४), आणि विषय अर्ज करतानाच ठरतो. पहिल्या दिवसापासून तोच. समुद्री जीवशास्त्राला गेलेल्या मुलीला दुसऱ्या महिन्यात मानसशास्त्राची आठवण झाली, तर बदल अशक्य नसतो, पण कटकटीचा असतो, आणि कधी कधी वर्ष जातं. एका वर्षाची फी परदेशी विद्यार्थ्याला साधारण वीस ते तीस हजार पौंड पडते. राहणं-खाणं वेगळं.

त्यात अर्जाची एक अडचण आहे, ती बहुतेक पालकांना फार उशिरा कळते. इंग्लंडमधले अर्ज ‘यूकास’ या एकाच खिडकीतून जातात. पाच पर्याय भरता येतात, पण स्वतःविषयीचं निवेदन एकच, आणि तेच पाचही ठिकाणी जातं. म्हणजे दोन पर्याय माशांचे आणि तीन मनाचे असं केलं, तर ते निवेदन ना इकडचं होतं ना तिकडचं. वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींतच कळतं, की या मुलीचं ठरलेलं नाही. तुमच्या मुलीला निर्णय बारावीच्या सुरुवातीलाच घ्यावा लागेल. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. बाकीच्यांची मुख्य मुदत जानेवारीत असते, तारीख वर्षागणिक मागेपुढे होते. थोडक्यात, आता अकरावीत आहे तेव्हापासून पुढच्या गणेश चवथीपर्यंत तिला या दोहोंतला एक विषय सोडायचा आहे.

टेस्टर लेक्चरचा खरा उपयोग इथेच आहे, विषय सोडायला. विद्यापीठ निवडायला त्याचा काही उपयोग नाही. बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतो. टोपलीवाली किती गोड बोलते त्यावर घेत नाही. टेस्टर लेक्चर म्हणजे कल्ला उचलून बघायची सोय. पण बरीच मुलं टोपलीवालीवरच खूश होऊन परत येतात. “सर, युनिव्हर्सिटी मस्त आहे!” बाबा रे, तू तासभर एका माणसाचं तोंड आणि वीस स्लाइड बघितल्यास; युनिव्हर्सिटी कधी बघितलीस?

या नावाखाली काय काय खपतं, तेही सांगतो. खऱ्या टेस्टर लेक्चरमध्ये त्या विभागात शिकवणारा प्राध्यापक किंवा संशोधक एखादा छोटा विषय घेऊन अर्धा-पाऊण तास शिकवतो. आठवण का चुकते, प्रवाळ का पांढरे पडतात, असा काहीतरी मुद्दा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं प्रश्न. खोट्यात बोलणारा माणूस ‘रिजनल मॅनेजर’ किंवा ‘इंटरनॅशनल ऑफिसर’ असतो. तिसऱ्या स्लाइडवर क्रमवारी येते, पाचव्यावर ड्रोनने टिपलेली हिरवळ, सातव्यावर हसणारी सगळ्या रंगांची मुलं. त्यात वाईट काही नाही, ती माहिती लागतेच, पण ती जाहिरात आहे. माझा साधा नियम: पंधरा मिनिटांत काही शिकवायला सुरुवात झाली नाही, तर लॅपटॉप बंद करा. पणजी-मडगावच्या हॉटेलांत ‘मास्टरक्लास’ म्हणून जे भरतं, त्यातलं बरंचसं या दुसऱ्या जातीचं. आणि कन्सल्टंट तुमच्याकडून फी घेत नाही तेव्हा त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळत असतं, हे डोक्यात ठेवून त्याचा सल्ला ऐका. कमिशन घेणं हा गुन्हा नाही. पण ज्या विद्यापीठाकडून कमिशन मिळत नाही, त्याचं नाव तो आपणहून घेईल अशी अपेक्षा धरू नका.

तिसरा प्रकार महागाचा आहे. उन्हाळी सुट्टीत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या खोल्या भाड्याने घेऊन खासगी कंपन्या दोन-तीन आठवड्यांची शिबिरं भरवतात आणि काही लाख रुपये घेतात. पत्ता कॉलेजचा असतो, शिबिर मात्र विद्यापीठाचं नसतं, आणि प्रवेशाशी त्याचा संबंध नसतो. मुलीला फिरायला न्यायचं असेल तर न्या. अर्जाला वजन येईल म्हणून नेऊ नका.

आता ऐकायचं कसं. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

पेडण्याचा एक मुलगा होता. मोरजीच्या किनाऱ्यावर वाढलेला, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांवर सुट्टीत काम केलेला. त्याला समुद्री जीवशास्त्रच हवं होतं, त्यावर चर्चाच नको. मी त्याला एका टेस्टर लेक्चरला बसवलं. पाऊण तास प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर गेला: पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशी मोजायच्या, मोजणीत किती चूक होते, ती चूक आलेखात कशी दाखवायची. संपल्यावर तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “सर, डॉल्फिन एकदाच आला. पहिल्या स्लाइडवर.” मी म्हटलं, पदवीतही तेवढाच येईल. त्याने आठवडाभर विचार केला आणि तो विषय सोडला. आता इथेच, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकतो. त्या फुकटच्या पाऊण तासाने त्याच्या बापाचं किती वाचवलं, तो हिशेब तुम्हीच करा.

साखळीच्या एका मुलीचं उलटं झालं. मानसशास्त्र म्हणजे लोकांची दुःखं ऐकून घेणं, अशी तिची समजूत. टेस्टर लेक्चर स्मरणशक्तीवर होतं, छान होतं, ती हरखून गेली. मी म्हटलं, हे वरचं तूप झालं, आता खालचा भात खा. मानसशास्त्राच्या पदवीत संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती या चुकवता येत नाहीत. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात तर त्या असाव्याच लागतात. म्हणून तिला एका विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या खऱ्या वर्गाचं संख्याशास्त्रावरचं रेकॉर्डिंग ऐकायला लावलं. प्राध्यापक कंटाळवाणा, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, की सरासरीभोवती माणसं अशी का पसरतात ते कळलं, पण पुढचं एक पान कळलं नाही, समजावता का? मी तेव्हाच ओळखलं, हिचा विषय ठरला.

म्हणून तुमच्या मुलीसाठी हिशेब साधा आहे: चार लेक्चरं. पंधरा नकोत. दोन्ही विषयांचं एकेक टेस्टर, आणि दोन्ही विषयांचं एकेक रुक्ष, खरं, पहिल्या वर्षाचं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत पातेल्याच्या मधून काढलेलं हवं. वर सजवलेल्या कोथिंबिरीवरून भात शिजला की नाही ते कळत नाही. टेस्टर लेक्चर देणारे लोक विभागातले सर्वांत चांगले बोलणारे असतात, ते मुद्दाम निवडलेले असतात, हे विसरू नये.

रुक्ष लेक्चरं कुठे मिळतात? भरपूर. अमेरिकेच्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम सगळ्यांना खुले करायचं २००१ साली जाहीर केलं. येलने २००७ पासून पूर्ण वर्गांची रेकॉर्डिंगं ठेवायला सुरुवात केली. त्यात मानसशास्त्राची ओळख करून देणारा अख्खा अभ्यासक्रम आहे. आपल्या आयआयटींचं एनपीटीईएल आहे, तिथे समुद्रविज्ञानापासून संख्याशास्त्रापर्यंत सगळं सापडतं, आणि उच्चार आपल्या कानाला सोपे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे ‘ओपनलर्न’वरचे छोटे फुकट अभ्यासक्रम अकरावीच्या मुलांना झेपतात. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात तर १५९७ पासून सर्वांसाठी फुकट व्याख्यानं चालू आहेत. ते पदवी देतच नाही, नुसती व्याख्यानं देतं. आणि रॉयल इन्स्टिट्यूशनची मुलांसाठीची नाताळातली व्याख्यानं १८२५ ची. मायकेल फॅरेडेने तिथेच एका मेणबत्तीवर मुलांना सहा-सहा व्याख्यानं दिली. पोरांना फुकट शिकवून विज्ञानाकडे ओढणं हा काही कोणा मार्केटिंगवाल्याचा शोध नव्हे.

ऐकताना वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगा. एक, न कळलेला प्रत्येक शब्द. दुसरी, घड्याळाकडे नजर गेली की तिथे समासात एक रेघ. बस. पाऊण तासात दोन रेघा म्हणजे उत्तम. बारा रेघा म्हणजे विषय कितीही प्रतिष्ठेचा असला तरी विचार करा. मुलं रेघा लपवतात, म्हणून वही मागू नका. तिची तिला कळली की झालं.

संपल्यावर दहा मिनिटांच्या आत तिने ते घरात मराठीत सांगायचं. आजीला सांगितलं तर सर्वांत चांगलं, कारण आजी मध्येच “म्हणजे काय गो?” विचारते. इंग्रजीतलं लेक्चर इंग्रजी शब्दांतच परत म्हणणं सोपं असतं, त्यात न कळलेलं झाकून जातं. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या आमच्या बऱ्याच मुलांना वाटतं, की आपण इंग्रजीत कमी पडतो. मराठीतून सांगायला लागलं की कळतं, कमी पडतो ते बऱ्याचदा विषयात, आणि कधी कधी तर कमी पडतच नाही. उच्चारांची भीती मात्र खरी आहे. स्कॉटिश किंवा वेल्श माणूस बोलायला लागला की पहिली दहा मिनिटं माझेही कान बावरतात. पहिल्यांदा कॅप्शन लावून ऐकावं, दुसऱ्यांदा न लावता. तिसऱ्या लेक्चरपर्यंत कान बसतो.

प्रश्नोत्तरांत एक तरी प्रश्न विचारायचाच. आपली मुलं गप्प बसतात आणि मग उरलेल्या वेळात वसतिगृहाचं भाडं विचारतात, जे संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. मी मुलांना एकच प्रश्न शिकवतो: पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तुमच्या विषयात नेमके कुठे अडकतात? या प्रश्नाला प्राध्यापक खरं उत्तर देतो, कारण त्याच्या मनातली ती खरी तक्रार असते. एकदा उत्तर आलं: “निबंध लिहिताना. ते वाचलेलं परत सांगतात, स्वतःचं म्हणणं मांडत नाहीत.” आमच्या बोर्डाच्या परीक्षेत नव्वद टक्के मिळवणारी मुलगी ते ऐकून पांढरीफटक पडली होती. बरंच झालं. दुसरा चांगला प्रश्न तासांचा. तिकडे कलाशाखेच्या काही विषयांत आठवड्याला आठ-दहा तासच वर्ग असतात, बाकीचा वेळ ग्रंथालय आणि तुम्ही. प्रयोगशाळेच्या विषयांत तास बरेच जास्त. आपल्याकडून गेलेल्या मुलांना इतका मोकळा वेळ सोसत नाही. सुशेगाद वाटतं आणि नोव्हेंबरात गळ्याशी येतं.

वेळेची गंमत सांगतो, कारण तीत माझीच फजिती झाली आहे. ही लेक्चरं तिकडच्या शाळा सुटल्यावर ठेवतात, चार ते सहा. हिवाळ्यात लंडनपेक्षा आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. उन्हाळ्यात मात्र त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, आणि फरक साडेचार तासांवर येतो. हा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. एका वर्षी मार्चअखेर मी चौदा मुलांना आणि त्यांच्या आठ-दहा आयांना एका घरी जमवलं, चहा-फरसाण, मोठा पडदा, इन्व्हर्टर चार्ज करून ठेवलेला. साडेनऊला जोडलो तर बाई “थँक यू, गुड लक” म्हणत होत्या. आदल्या रविवारी घड्याळं फिरली होती. फिजिक्सचा मास्तर आणि वेळेत चुकला, हे मला अजून ऐकवलं जातं. तेव्हापासून तारीख टाकून फरक तपासल्याशिवाय मी निरोप पाठवत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी सहाची लेक्चरं आपल्याला पहाटे साडेतीन-साडेचारला पडतात. ती रेकॉर्डिंगवरच ऐका. अकरावीच्या पोरीला पहाटे उठवून एका तासाच्या लेक्चरपायी दिवसभर पेंगायला लावू नका.

नावनोंदणीचा फॉर्म भरताना दोन-चार गोष्टी. ‘इयर १२’ म्हणजे साधारण आपली अकरावी, ‘इयर १३’ म्हणजे बारावी; आपल्याकडची बारावी समजून इयर १२ भरणारे दर वर्षी निघतात. फॉर्ममध्ये सरकारी शाळा की खासगी, घराचा पोस्टकोड, असे प्रश्न आले आणि ‘यूके’ची अट दिसली, तर तो कार्यक्रम तिकडच्या गरीब किंवा मागे राहिलेल्या मुलांसाठी आहे. ऑक्सफर्डचं यूनिक किंवा सटन ट्रस्टची उन्हाळी शिबिरं ही अशीच, खरोखर फुकट आणि खरोखर चांगली, पण आपल्यासाठी नाहीत. तिथे अर्ज करून नाराज होऊ नका. मोबाइल नंबर सक्तीचा नसेल तर देऊ नका, आणि या कामासाठी मुलीचा वेगळा ईमेल काढा. आमची माहिती भागीदारांना द्यायला हरकत नाही, अशी बारीक अक्षरातली चौकट असते, तिच्यावरची खूण काढून टाका. नाहीतर पुढचे सहा महिने जेवायच्या वेळी फोन वाजतो.

आता सर्टिफिकेटं. ताई, ती जमवू नका. टेस्टर लेक्चरला हजर होतो, एवढ्याने कुणाला प्रवेश मिळत नाही. यूकासचं निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, शाळेतल्या अभ्यासाने तुमची काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर तुम्ही काय केलंत. तिन्ही मिळून अक्षरं ४,०००, मोकळ्या जागा धरून. तिथे “मी अमुक विद्यापीठाची सात टेस्टर लेक्चरं केली” हे वाक्य वाया जातं. “एका लेक्चरमध्ये ऐकलं की प्रवाळ तापमानाने पांढरे पडतात; मग मालवणजवळच्या प्रवाळांविषयी वाचलं, तेव्हा गाळाचाही प्रश्न असल्याचं दिसलं, आणि मला कळेना की दोन्हींतला वाटा वेगळा कसा काढायचा” या वाक्याला किंमत आहे. लेक्चरच्या पुढे मुलगी दोन पावलं स्वतः चालली का, तेवढंच बघतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाखतीत तर ते तिथून पुढेच विचारायला सुरुवात करतात, आणि ऐकीव वाक्य तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

आणि टेस्टर लेक्चरमध्ये काही गोष्टी कधीच सांगत नाहीत, कारण तो त्या प्राध्यापकाचा विषयच नाही. आपल्या बारावीचे किती टक्के चालतात, हे प्रत्येक विद्यापीठाच्या भारतासाठीच्या पानावर बघायचं. पुष्कळ ठिकाणी सीबीएसई-आयएससीला एक आकडा आणि राज्य मंडळांना त्याहून जास्त आकडा असतो, आणि गोवा बोर्ड राज्य मंडळांत मोडतं. परत येऊन इथे काम करायचं तर ती पदवी चालते का, हे इथल्या परिषदांकडे बघायचं. मुलगी उद्या डॉक्टरकीकडे वळली तर परदेशात जातानाही ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. वकिलीकडे वळली तर बार कौन्सिलची मान्यता आणि परत आल्यावरची परीक्षा आहे. मानसशास्त्राची नुसती बीएस्सी घेऊन कुणी समुपदेशक होत नाही, ना तिकडे ना इकडे. पुढे आणखी शिकावं लागतं, म्हणजे खर्च तीन वर्षांवर थांबत नाही.

गोव्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो, तुम्ही विचारला नाहीत तरी सांगतो. “पोर्तुगीज पासपोर्ट केला तर फी कमी लागेल ना?” इंग्लंडपुरतं उत्तर: आता नाही. ब्रेक्झिटनंतर, २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून, नव्याने जाणाऱ्या युरोपीय नागरिकालाही तिथे परदेशी विद्यार्थ्याचीच फी पडते. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहणाऱ्या आत्याच्या मुलाला कमी फी लागली असेल, तर ती त्याच्या तिथल्या जुन्या वास्तव्यामुळे आणि त्यावरून मिळालेल्या ‘सेटल्ड स्टेटस’मुळे, म्हणजे कायम राहण्याच्या हक्कामुळे; नुसत्या लाल पुस्तिकेमुळे नाही. आयर्लंडलाही पासपोर्टबरोबर युरोपातलं काही वर्षांचं वास्तव्य मागतात. नेदरलँड्समध्ये मात्र युरोपीय नागरिकत्वाने फी खरोखर उतरते, आणि पोर्तुगालच्या सरकारी विद्यापीठांत पदवीची वार्षिक फी कित्येक वर्षं ६९७ युरोंच्या मर्यादेत राहिली, पण तिथे शिकवतात ते पोर्तुगीजमधून. हे सगळं करताना भारतीय नागरिकत्व जातं, ही छोटी गोष्ट नव्हे. अठराव्या वर्षी फीच्या बचतीसाठी हा निर्णय घेऊ नये, असं माझं मत आहे. घरोघरी परिस्थिती वेगळी, मी वाद घालत नाही. डच विद्यापीठांकडे मात्र या निमित्ताने बघाच. एक दिवस खऱ्या विद्यार्थ्याबरोबर वर्गात बसवायची त्यांच्याकडे रीत आहे, आणि ऑनलाइनही ‘अभ्यास करून बघा’ असे गृहपाठासकट दिवस असतात. गृहपाठ असलेलं टेस्टर हे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक. जर्मन लोक या प्रकाराला ‘श्नुपर’ म्हणतात, म्हणजे हुंगणं. आपल्या बांगड्याशी जवळचं आहे.

आणि हे सगळं लॅपटॉपवर सुरू करण्याआधी एक काम करा. मुलीला कदंबाच्या बसमध्ये बसवून दोनापावलला पाठवा. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथे आहे, तुमच्या घरापासून दीड-दोन तासांवर. विद्यार्थ्यांसाठी संस्था खुली ठेवायचे दिवस असतात. शाळेकडून पत्र नेलं तर इतर वेळीही विचारता येतं. तिथे नमुने घेणारी, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारी, संगणकावर आकडे भरणारी माणसं बघू दे. समुद्री जीवशास्त्र रोज सकाळी दहा वाजता कसं दिसतं, ते इंग्लंडमधल्या प्लिमथच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिथे जास्त कळेल. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं शिक्षण आहे, आणि तिथल्या पाहुण्या प्राध्यापकांचे छोटे अभ्यासक्रम बाहेरच्या लोकांसाठीही खुले ठेवलेले मी पाहिले आहेत. कोसंबींच्या नावाने पणजीत विचार महोत्सव भरतो, तिथे मोठमोठी माणसं फुकट बोलतात आणि पुढच्या रांगांत आम्ही पिकल्या केसांचेच असतो. मानसशास्त्रासाठी असं एक ठिकाण सांगता येत नाही, पण ओळखीच्या समुपदेशकाकडे अर्धा तास मागा आणि तिच्या दिवसातला किती वेळ नोंदी लिहिण्यात जातो, ते विचारू द्या.

शेवटचा तुमचा प्रश्न, शेजारी बसू का. पहिल्या लेक्चरला बसा, पण कॅमेऱ्याच्या बाहेर, आणि एक अक्षर बोलू नका. “हे बघ, किती छान!” असं आई म्हणाली की मुलगी समासात रेघ मारायची थांबते. दुसऱ्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात, ती खोलीत. संपल्यावर ती बाहेर येऊन आपणहून बोलायला लागते की नुसतं “जेवायला काय आहे?” विचारते, तेवढं बघा. चारही लेक्चरं झाली की मला कळवा. मग यूकासकडे वळू.